ओसरलेले बंदर: वेंगुर्ले पट्ट्यातील लेखक आणि दशावतारी

मराठी समीक्षेत ‘कोकण’ हा शब्द आला की दोन कप्पे आपोआप उघडतात. एका कप्प्यात गूढ: अंधारलेली राई, देवचार, शापित घराणी, समुद्राचा घुमारा. दुसऱ्या कप्प्यात इरसाल माणसे: तिरके बोलणारी, कोर्टकचेरीत रमणारी, ओटीवर बसून गावाची उणीदुणी काढणारी. पहिल्या कप्प्यावर चिं. त्र्यं. खानोलकरांचे नाव लिहिलेले असते, दुसऱ्यावर जयवंत दळवींचे. ही सोय इतकी रुळली आहे की एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. हे दोघे एकाच पट्ट्यातले आणि एकाच पिढीतले. दळवींचा जन्म 1925 चा, बालपण वेंगुर्ल्याच्या दक्षिणेकडच्या आरवलीतले. खानोलकरांचा जन्म 1930 चा, वेंगुर्ल्याच्या उत्तरेकडच्या बागलांच्या राईतला. मंगेश पाडगावकरही 1929 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले. इतक्या जवळच्या गावांतून एकाला भूत दिसावे आणि दुसऱ्याला हसू यावे, याचे उत्तर आपण नेहमी लेखकाच्या पिंडात शोधतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. या लेखकांनी डोळे उघडले तेव्हा त्या पट्ट्याचे काय झालेले होते, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

माझा हा प्रश्न घाटावरून आलेला आहे. मी बार्शीचा. समुद्र आमच्यापासून फार दूर. पण मोठ्या वाहतुकीने बाजूला टाकलेले गाव म्हणजे काय असते हे बार्शीकराला समजावून सांगावे लागत नाही. 1860 च्या सुमारास मुंबई–सोलापूर लोहमार्ग झाला तो बार्शीला वगळून. स्टेशन झाले ते वीस-बावीस मैलांवरच्या कुर्डुवाडीला, आणि त्या स्टेशनाचे नाव मात्र ‘बार्शी रोड’. नाव आमचे, गाडी त्यांची. पुढे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे आणली. 1897 मध्ये ती बार्शीला पोचली आणि नंतर पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. त्या छोट्या गाडीवर बार्शीचा व्यापार पोसला, गिरण्यांचे भोंगे वाजले. आज रूळ मोठे झाले आहेत आणि बार्शी हे मार्गावरचे आणखी एक स्टेशन झाले आहे. त्यामुळे वेंगुर्ल्याचा इतिहास वाचताना मला तो परका वाटला नाही. फरक एवढाच की आम्हाला निदान अडीच फुटांचे रूळ मिळाले. वेंगुर्ल्याला तेही नाहीत.

वेंगुर्ले हे आडबाजूचे गाव नव्हते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली. तिचे पडके दगडी बांधकाम आजही उभे आहे. 1812 मध्ये ते सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे आले. बेळगावची लष्करी छावणी आणि घाटावरचा माल यांचे समुद्राकडचे दार म्हणजे हे बंदर. आंबोलीच्या घाटातून गाड्या उतरत, बंदरावर गलबते भरत. गावातल्या एका भागाला आजही ‘कॅम्प’ म्हणतात. मग 1880 च्या दशकाच्या अखेरीस मार्मागोव्याहून निघालेली रेल्वे घाट चढून लोंढ्याला पोचली आणि बेळगावही रुळांवर आले. माल तिकडून जाऊ लागला. वेंगुर्ल्यावर कुणी हल्ला केला नाही, दुष्काळ पडला नाही, समुद्र मागे गेला नाही. फक्त दार दुसरीकडे उघडले.

यानंतर बंदरातून जे जात राहिले ते माणूस होते. मुंबईच्या आगबोटी पुढे कित्येक दशके चालल्या. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून उतारू तिच्यापर्यंत जात, पावसाळ्याचे महिने सगळे बंद. गिरणीत, गोदीत, हॉटेलात, घरकामाला पोरे गेली आणि त्यांच्या मनीऑर्डरी आल्या. उलट दिशेनेही थोडे आले: अमेरिकन मिशनने इस्पितळ चालवले, तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व नंतर अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. म्हणजे गाव जगापासून तुटलेले नव्हते. जग तिथून उठून गेलेले होते. ‘तुटलेले’ आणि ‘उठून गेलेले’ यांतला फरक या साहित्याच्या वाचनात फार महत्त्वाचा आहे. तुटलेल्या गावाला बाहेरचे काही ठाऊक नसते. ओसरलेल्या गावाला सगळे ठाऊक असते आणि हातात काही नसते.

*

खानोलकरांच्या ‘चानी’कडे या बाजूने पाहा. ही 1970 ची कादंबरी. 1977 मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट केला. गावातल्या बाईला गोऱ्यापासून झालेली सोनेरी केसांची मुलगी, गावाने वाळीत टाकलेली. चानी म्हणजे तिकडच्या बोलीत खार. समीक्षेने या कादंबरीत निरागसता आणि क्रौर्य यांचा झगडा पाहिला, निसर्गकन्येची शोकांतिका पाहिली. मला त्यात आधी बंदराचा हिशेब दिसतो. गोरे आले, वखारी घातल्या, छावणी घातली, माल नेला आणि गेले. जे नेता येण्यासारखे नव्हते ते मागे राहिले: दगडी वखार, दीपगृह, आणि सोनेरी केसांची एक मुलगी. वखारीला गाव ऐतिहासिक वास्तू म्हणते. मुलीला काय म्हणायचे हे गावाला ठरवता येत नाही. ती गावाला सतत आठवण करून देते की आपल्याकडे कधी कुणी येत असे. गावाचा तिच्यावरचा राग केवळ सोवळ्याओवळ्याचा असता तर तो इतका काळ धुमसत राहिला नसता.

‘कोंडुरा’ (1966) तर नावापासूनच भूगोलात रुतलेली आहे. वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाची जागा खरोखर आहे. खडकांच्या कपारीत लाट शिरते आणि घुमते. कादंबरीतल्या परशुरामतात्याला कोंडुऱ्याच्या महापुरुषाकडून वरदान मिळते आणि त्या वरदानाखाली तो आणि भोवतीची माणसे चिरडली जातात. हे गूढ खानोलकरांच्या प्रतिभेचे आहे यात वाद नाही. पण वरदान मिळण्यापूर्वीचा परशुरामतात्या कोण असतो, हेही पाहावे. तो बेकाम माणूस आहे. कामाधंद्याला लागलेल्या गावात सिद्धीला फार गिऱ्हाईक नसते. आमच्याकडे सुगीत भगत मोकळाच बसतो. ज्या गावात कुणाच्याच हाताला नेमका उद्योग नाही तिथे देवाने एखाद्याला निवडणे हीच नेमणूक ठरते. श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये या कादंबरीवर हिंदी आणि तेलुगू असा दुहेरी चित्रपट केला आणि कथा आंध्रात नेली. चित्रपट चांगला आहे. तरी तिथे जमीनदारीचा संघर्ष पुढे येतो आणि ओसरलेल्या किनाऱ्याचे रिकामपण मागे पडते. कथा नेता आली, तिचे रिकामपण नेता आले नाही.

खानोलकर कुडाळला खानावळ चालवत, त्या गल्ल्यावर बसून कविता लिहीत, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पन्नासच्या दशकाअखेरीस ते मुंबईला गेले. ‘जोगवा’ 1959 चा. 1976 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर कविता, कादंबरी, नाटक मिळून इतके होते की दीड दशकात एका माणसाने हे केले यावर विश्वास बसत नाही. ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. हा वेग माझ्या मते आठवणीचा वेग आहे. माणूस राई सोडून गेला आणि मग राई त्याला सोडेना.

दळवींचे याहून वेगळे नाही, फक्त त्यांनी तोंडावर हसू ठेवले. ‘चक्र’ 1963 ची, ‘सारे प्रवासी घडीचे’ 1964 ची. या दोन पुस्तकांतले वर्षभराचे अंतर मला फार बोलके वाटते. एकात मुंबईची झोपडपट्टी, दुसऱ्यात कोकणातले गाव. ‘चक्र’मधली माणसे वेंगुर्ल्याची नव्हेत, तसा दावा मी करीत नाही. पण एकाच लेखकाने पाठोपाठ दोराची दोन्ही टोके हातात धरली: माणसे जिथे जाऊन पडतात ते टोक आणि माणसे जिथून निघतात ते टोक. समीक्षेने पहिल्याला ‘दाहक वास्तव’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘नर्मविनोदी व्यक्तिचित्रण’. वास्तव शहरात आणि विनोद गावात, अशी ही वाटणी. ‘सारे प्रवासी घडीचे’मधला विनोद नीट ऐकला तर त्या सर्व माणसांपाशी एक समान गोष्ट आढळते: वेळ. त्यांना वेळ भरपूर आहे. तिरकेपणा, भांडणे, छंद, खोड्या हे सगळे त्या वेळेचे कोरीवकाम आहे. ज्याला आपण ‘नमुना’ म्हणतो तो बहुधा योग्य काम न मिळालेला हुशार माणूस असतो. बार्शीच्या आडत बाजारात, मंदीच्या दिवसांत, मी असे कितीतरी पाहिले आहेत.

इथे एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. इंग्लंडच्या किनाऱ्यावरही अशी ओसरलेली गावे आहेत, वेगळ्या कारणाने. रेल्वेने तिथे कामगारांचे लोंढे सुट्टीला आणले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानाने ते स्पेनच्या उन्हात नेले. लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटन या गावात मार्टिन पार या छायाचित्रकाराने 1980 च्या दशकात काढलेली रंगीत छायाचित्रे ‘द लास्ट रिसॉर्ट’ या नावाने 1986 मध्ये पुस्तकरूपात आली. वाहणाऱ्या कचरापेट्या, आइस्क्रीम माखलेली मुले, सिमेंटच्या उतारावर ऊन खात पडलेल्या बाया. त्यावर तिकडे मोठा वाद झाला: हा माणूस या लोकांवर प्रेम करतो आहे की त्यांना हसतो आहे? मला तो वाद दळवींच्या बाबतीत आपल्याकडे न झाल्याचे आश्चर्य वाटते. माझे उत्तर असे की दळवी हसतात, पण स्वतःला वगळून नाही. ते त्याच ओटीवर वाढलेले आहेत. तरीही ते पुस्तक वाचणारा दादरचा किंवा सदाशिव पेठेचा वाचक त्या ओटीवरचा नाही. तो हसला आणि त्याने ती माणसे ‘कोकणी नमुने’ म्हणून खिशात घातली. हा दोष पुस्तकाचा नव्हे, पण पुस्तकाच्या वाटचालीचा भाग आहे.

वि. स. खांडेकरांना मी या रांगेत घेत नाही. त्यांनी 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याला शिक्षकी केली. त्याच गावात 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. ते तिथे राहिले, तिथे लिहिते झाले. पण त्यांची माणसे ग्रांथिक मराठीत, उपमा-रूपकांच्या साजात बोलतात; मिठागराची बोली त्यांच्या तोंडी क्वचित येते. थट्टा नव्हे, पण शिरोड्याच्या आसपास त्या काळात आणखी एका जागी अशी अलंकारिक मराठी रात्रभर ऐकू येत असे. ती जागा म्हणजे दशावताराचे बाकडे.

*

आतापर्यंत ज्यांची नावे आली ते सगळे एक तर गेलेले आहेत किंवा बाहेरून येऊन पुन्हा गेलेले. हा योगायोग नव्हे. ओसरलेल्या गावात राहून मराठीत लेखक होणे जवळजवळ अशक्य होते. मासिके मुंबई-पुण्याची, प्रकाशक तिकडचे, वाचकही तिकडचा. आमच्या बार्शीचे अमर शेख पाहा. 1916 मध्ये इथे जन्मले, आई मुनेरबी यांच्या ओव्या ऐकत वाढले, गिरणीत राबले, कामगारांच्या लढ्यात उतरले; शाहीर म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते मुंबईहून. त्यांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ ग्रंथालयात आहेत. आईच्या ओव्या कुठल्याच ग्रंथालयात नाहीत. जाणाऱ्याचा शब्द छापला जातो, राहणाऱ्याचा हवेत राहतो, आणि समीक्षा छापलेले वाचते. वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी जे निर्माण केले ते शोधायचे तर पुस्तक बाजूला ठेवून कार्तिकानंतरच्या जत्रांना जावे लागते. गेली काही वर्षे मी तसा जातो आहे. बार्शीहून तो प्रवास सोपा नाही, पण जत्रेत पोचल्यावर मिळणाऱ्या खाज्याची पुडी आणि पहाटेपर्यंतची जाग यांत शीण जातो.

दशावताराची रीत वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल, तरी घाटावरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक गावच्या देवळाची जत्रा तिथीने ठरलेली. कोणत्या मंडळाने कोणत्या जत्रेत खेळ करायचा हेही बहुतेक ठिकाणी परंपरेने ठरलेले. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर, आजगावकर, खानोलकर ही मंडळांची नावे म्हणजे गावांचीच नावे. मंडळ येते ते पेटारा घेऊन. त्याची पूजा होते. पूर्वी हा पेटारा आणि कपड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन नट गावोगाव पायी जात. म्हणून तर तिकडे म्हण आहे की रात्रीचा राजा, सकाळी डोक्यावर बोजा. देवळापुढे मागे एक पडदा, एक लाकडी बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. एवढेच नेपथ्य. ते बाकडे सिंहासन असते, पर्वत असते, पलंग असतो, नाव असते. नट स्वतःचा रंग स्वतः लावतात; स्त्रीपार्ट पुरुषच करतात.

आणि संहिता नाही. हे वाक्य आपण फार सहज लिहितो, म्हणून इथे थांबतो. त्या दिवशी कोणते आख्यान लावायचे हे ठरते, कुणी राजपार्ट, कुणी राक्षस, कुणी नारद हे ठरते, कथेचे टप्पे सांगितले जातात, आणि खेळ सुरू होतो. तालीम नाही. समोरच्याने टाकलेले वाक्य झेलायचे, वाढवायचे, परत टाकायचे, आणि ते संस्कृतप्रचुर मराठीत, मध्येच नाट्यपदाच्या चालीवर गाऊन. हे करणारा माणूस दिवसा काजूच्या बागेत, होडीवर, रिक्षावर किंवा सुताराच्या पटाशीवर काम करणारा असू शकतो. पुराणांची उपकथानके, राजनीतीची परिभाषा, युक्तिवादाची घडण त्याने वाचून मिळवलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ती ऐकून मिळवलेली असते, आधीच्या नटांकडून, पडद्याआडून. मी स्वतः महाविद्यालयात फार शिकलो नाही; जे वाचले ते ग्रंथालयाच्या बाकावर. त्यामुळे असेल, पण कानाने शिकलेल्या या विद्येपुढे मी जरा जास्तच नमतो. वाचकांनी माझे हे वजन थोडे कमी करून घ्यावे.

पण दशावताराचे मर्म माझ्या मते राजपार्टात नाही. ते मुख्य आख्यानाआधीच्या भागात आहे, ज्याला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, भटजी येतो, आणि वेद चोरणारा संकासुर येतो. काळा वेष, लोंबती लाल जीभ, आणि तोंडात मालवणी. देव ग्रांथिक बोलतात, संकासुर गावची भाषा बोलतो. तो प्रेक्षकांतल्या माणसांना हाक मारतो, पंचायतीवर घसरतो, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या बुटांवर टिप्पणी करतो, रस्त्यातल्या खड्ड्यांची मोजदाद करतो. वेद चोरणारा हा असुर गावाचे वर्तमान मंचावर आणतो. मी ऐकलेल्या खेळांत एकाही संकासुराने जुन्या वैभवाचे रडगाणे गायले नाही. बंदराचा विषय निघाला तर तो मासळीच्या भावाचा, ट्रॉलरवाल्यांचा, येणाऱ्या-न येणाऱ्या प्रकल्पाचा.

इथे माझा मूळ प्रश्न सुटतो असे मला वाटते. खानोलकरांचे आणि दळवींचे गाव भूतकाळातले आहे. एकाचे झपाटलेले, दुसऱ्याचे हसरे, पण दोन्ही मागे वळून पाहिलेले. सोडून गेलेल्याला गाव तेवढ्याच क्षणी थांबलेले दिसते, आणि थांबलेल्या गोष्टीचे भूत तरी होते किंवा विनोदी चित्र तरी. राहिलेल्यांना थांबून चालत नाही. त्यांची कला आजच्या रात्रीची आहे, उद्या तीच वाक्ये असणार नाहीत. समीक्षेने मात्र गेलेल्यांच्या भूतकाळाला ‘कोकणाचे अंतरंग’ म्हटले आणि राहिलेल्यांच्या वर्तमानाला ‘लोककला’ म्हणून संग्रहालयात बसवले. खरी ओसरलेली वस्तू कोणती आणि चालू वस्तू कोणती, याची ही सरळ अदलाबदल आहे.

यावर कुणी म्हणेल की दशावतारही पुराणकथाच लावतो, त्यात कसले वर्तमान? आख्यान पुराणातले, हे खरे. पण हरिश्चंद्राने स्मशानात उभे राहून काय बोलायचे हे कुठेही लिहिलेले नाही. तो आज समोर बसलेल्या बायाबापड्यांचे चेहरे बघून बोलतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: खेळाखेळात दर्जाचा फार चढउतार असतो. असतोच. कंटाळवाणे, लांबलेले, पदांनी फुगवलेले प्रयोग मी पुष्कळ सोसले आहेत. मात्र दिवाळी अंकातल्या सगळ्या कविता वाचून कुणी मराठी कवितेला निकालात काढत नाही.

*

या दोन प्रवाहांचा एकदाच मोठा संगम झाला, तो ‘वस्त्रहरण’मध्ये. राजापूरकडचे गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले, मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेले हे नाटक 1980 मध्ये रंगमंचावर आले. गावची मंडळी पौराणिक नाटक बसवू पाहतात आणि सगळा घोळ होतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीला नाटक चालेना, पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून मनापासून पत्र लिहिले आणि मग ते हजारोंच्या घरात प्रयोग करीत गेले. पहिल्यांदा मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर मुख्य भाषा म्हणून उभी राहिली, ही त्याची मोठी कामगिरी. कांबळींची विनोदाची जाण दशावताराच्या अंगणातली होती. समोरच्या प्रेक्षकाला खेळात ओढण्याची ती रीत संकासुराचीच.

पण एक गोष्ट बोचते. मुंबईच्या प्रेक्षकांसमोर गावचे नाटक म्हणजे फजिती, असे समीकरण त्यातून घट्ट झाले. प्रॉम्प्टर चुकतो, धोतर सुटते, दुःशासन अडखळतो. प्रत्यक्ष दशावतारी नट प्रॉम्प्टरवाचून रात्रभर अस्खलित बोलतो. ज्यांच्याकडे जगातल्या उत्तम उत्स्फूर्त नटांपैकी काही आहेत त्यांची ओळख न जमलेल्या नाटकातून झाली, याची मला खंत वाटते. अर्थात ते नाटक मुख्यतः मुंबईत राहणाऱ्या कोकण्यांनी डोक्यावर घेतले. 1982 च्या गिरणी संपाने त्यांतल्या अनेकांच्या पायाखालची जमीन गेली त्या काळात ते हसत होते. स्वतःच्या गावाला हसण्याचा त्यांचा हक्क मी कोण काढून घेणार?

आज काय आहे? 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. ती कुडाळ-सावंतवाडीवरून गेली आणि वेंगुर्ले दुसऱ्यांदा बाजूला राहिले. काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती देशभर लावल्या जातात, म्हणजे नाव याही वेळी बाहेर पोचले. किनाऱ्यावर निवास-न्याहारीच्या पाट्या लागल्या आहेत. आरवलीच्या वेतोबाला अजून मोठाल्या चामडी चपला वाहिल्या जातात. दशावतारात ‘ट्रिकसीन’ आले, निरनिराळ्या मंडळांतले गाजलेले नट एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ आले, मोबाईलवर चित्रफिती आल्या. शुद्धतावाद्यांप्रमाणे मी यावर नाक मुरडणार नाही. नटाला बरी बिदागी मिळत असेल आणि डोक्यावरचा बोजा टेम्पोत गेला असेल तर त्यात दुःख मानण्याचे कारण नाही.

चिंता वेगळी आहे. आख्यान लवकर सुरू व्हावे म्हणून आडदशावतार आखडता घेतला जातो. कित्येक ठिकाणी गणपती-सरस्वती उरकून थेट राजपार्ट येतो. चित्रफिती निघतात त्याही आख्यानाच्या, झगमगत्या मुकुटांच्या, युद्धाच्या. संकासुराचे बोलणे त्या गावापुरते आणि त्या रात्रीपुरते असल्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकाला ते कळत नाही, म्हणून ते कापले जाते. म्हणजे गावाचे वर्तमान ज्या एका दारातून मंचावर येत होते तेच दार बंद होत आहे, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. बंदराचेही असेच झाले होते.

दशावतारावर प्रबंध झाले आहेत, मुखवटे-वेषभूषेच्या नोंदी आहेत, उगमाविषयीचे वाद आहेत. मला हवी आहे ती वही साधी आहे: अमुक तिथी, अमुक गाव, अमुक मंडळ, आख्यान कोणते, कुणी कोणता पार्ट केला, खेळ किती वाजता सुटला, आणि संकासुर त्या रात्री काय बोलला, शब्दशः. अशा शंभर रात्रींची वही झाली तर ‘चानी’ आणि ‘सारे प्रवासी घडीचे’ यांच्या शेजारी ठेवून वाचता येईल, आणि मग खानोलकर-दळवींविषयी मी वर जे म्हटले ते टिकते की नाही हेही तपासता येईल. हे काम बार्शीहून होण्यासारखे नाही. माझे कान मालवणीला अजून अर्धेच सरावले आहेत. संकासुराच्या बोलण्यातले निम्मे मला शेजारी बसलेल्यांच्या हसण्यावरून कळते.